‘सर्व्हर स्लो आहे’ म्हणजे काय?

‘सर्व्हर स्लो आहे, उद्या या’ हे वाक्य आपण सगळ्यांनीच कधी ना कधी खिडकीबाहेर उभं राहून ऐकलं आहे. मी ते खिडकीच्या आतूनही ऐकलं आहे. संगणकांची देखभाल हाच माझा व्यवसाय.

माझं गाव हिर्डोशी, भोरहून वरंध घाटानं महाडकडे जाताना लागणारं. आमच्याकडच्या माणसाला एका कागदासाठी भोर गाठायचं म्हणजे कामाचा अख्खा दिवस मोडावा लागतो. २००७ सालची गोष्ट. भोरमधल्या एका कार्यालयातून तक्रार आली. तिथल्या फाइल सर्व्हरवर, म्हणजे सर्वांच्या फाइली एकत्र ठेवणाऱ्या संगणकावर, अकरा ते एक या वेळात साधी फाइल उघडायला चार-पाच मिनिटं लागत. मी संध्याकाळी सवडीनं जाऊन पाहिलं, तर फाइली झटपट उघडत होत्या. तरी काहीतरी करायला हवं, म्हणून मेमरी वाढवायला सांगितली. पैसे खर्च झाले, फरक काहीच पडला नाही.

पुढच्या आठवड्यात रांगेत आमच्या वाडीतल्या एक आजी भेटल्या. हा त्यांचा तिसरा हेलपाटा होता. माझं ऐकून घेऊन म्हणाल्या, “रातीची मोकळी गिरणी बघून दळणाची रांग कशी कळंल रं पोरा?”

मी खजील झालो. दुसऱ्या दिवशी साडेदहालाच सर्व्हरसमोर जाऊन बसलो. प्रोसेसर जवळजवळ रिकामा होता, मेमरी मुबलक होती, नेटवर्कवरही ताण नव्हता. पण हार्ड डिस्कपुढे कामांची रांग वाढतच चालली होती.

इथे आजींची गिरणीच उपयोगी पडते. कुणाची बाजरी, कुणाचे तांदूळ, कुणाचे गहू. दर वेळी जातं साफ करून घ्यावं लागतं. डिस्कचंही तसंच. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या डिस्कला दर वेळी नव्या जागी जाऊन वाचायला साधारण १२-१३ मिलिसेकंद लागतात. म्हणजे सेकंदाला जेमतेम ऐंशी कामं. तिथेच कुणी मध्ये दहा पोती आणून टाकली तर? सर्व्हरवर नेमकं तेच होत होतं. विषाणू तपासणी आणि फाइलींची राखीव प्रत काढणं ही दोन्ही कामं रात्री दोनची ठरलेली होती. पण भारनियमनाच्या धास्तीनं संगणक रोज संध्याकाळी बंद केला जाई. रात्रीची राहिलेली कामं सकाळी संगणक सुरू होताच आपोआप चालू होत आणि दुपारी एकपर्यंत रेंगाळत.

एवढ्याशा जादा कामानं इतका खोळंबा का व्हावा? डेन्मार्कचे अग्नर अर्लांग यांनी १९०९ साली टेलिफोनच्या गर्दीचं गणित मांडलं, त्यातून रांगांचं शास्त्र उभं राहिलं. गिऱ्हाइकं कधीही येत असतील आणि एका दळणाला सरासरी पाच मिनिटं लागत असतील, तर निम्मा वेळ चालणाऱ्या गिरणीपुढे सरासरी पाच मिनिटं थांबावं लागतं. गिरणी ८० टक्के वेळ चालू असली की वीस मिनिटं आणि ९० टक्क्यांना पंचेचाळीस! काम थोडं वाढतं, रांग मात्र कैकपटीनं वाढते.

म्हणूनच गर्दीच्या वेळेतून थोडं काम बाजूला काढलं तरी मोठा दिलासा मिळतो. रेल्वेनं २०१५ मध्ये तत्काळ आरक्षणासाठी वातानुकूलित डब्यांना सकाळी १० आणि इतर डब्यांना ११ अशी वेगळी वेळ दिली, ती गर्दी विभागण्यासाठीच.

आम्हीही तेच केलं. दोन्ही कामं खिडकी बंद झाल्यावर सुरू व्हावीत आणि ती संपली की संगणकानं आपोआप बंद व्हावं, अशी व्यवस्था लावली. नवा सर्व्हर घ्यावा लागला नाही. आजींचा कागद त्याच आठवड्यात साडेअकराला हातात पडला आणि दुपारच्या एसटीनं त्या घरी गेल्या.

आता फिरत्या डिस्कची जागा सेकंदाला हजारो कामं उरकणाऱ्या एसएसडीनं घेतली आहे. तरीही सर्व्हर अडतात. अडण्याची जागा फक्त बदलते. तेव्हा यंत्र जुनं झालं म्हणून नवं मागवण्याआधी ऐन गर्दीत त्याच्यापुढे जाऊन बसावं आणि रांग नेमकी कशापुढे लागली आहे ते पाहावं. मेमरीचे पैसे वाया घालवून मी शिकलो ते एवढंच.