‘भराव’ आणि ‘प्रबलक’ : रबरातील सिलिकेविषयी



ज्या विज्ञानशिक्षकांच्या स्मृत्यर्थ आपण जमलो आहोत, त्यांना रबरातील ‘फिलर’साठी योजलेला ‘भराव’ हा शब्द फार खटकत असे. त्या खटकण्याचे कारण मांडावे, एवढ्याच निमित्ताने हा मराठीचा निवृत्त प्राध्यापक रसायनाच्या वाटेला गेला आहे.

भरावाने जागा भरली की त्याचे काम संपते. खडूची पूड रबरात घातली तर बहुतांशी तेवढेच घडते. माल वाढतो, किंमत उतरते. अवक्षेपित सिलिकेचे तसे नाही. तिच्या एका ग्रॅमचा पृष्ठभाग दीडशे-पावणेदोनशे चौरस मीटर भरतो आणि रबराला झिजण्या-फाटण्याविरुद्ध मिळणारे बळ या पृष्ठभागातून येते.

पण अडचणही तेथेच आहे. त्या पृष्ठभागावरील सिलॅनॉल गट जलस्नेही, तर रबर हे कार्बन-हायड्रोजनच्या लांब साखळ्यांचे, तेलाच्या कुळातले. त्यामुळे सिलिकेचे कण रबराला सोडून एकमेकांनाच बिलगतात व त्यांची जाळी बनते. टायर फिरताना ही जाळी मोडते, पुन्हा जुळते, आणि त्यात ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते.

येथे सिलेन हा दुभाषा लागतो. (घरात मराठी आणि बाजारात गुजराती बोलणाऱ्या आपणा बडोदेकरांना दुभाष्याचे मोल सांगायला नको!) त्याचे एक टोक अल्कोहोल सोडून सिलिकेशी बांधले जाते, दुसऱ्या टोकाचे गंधक व्हल्कनीकरणात रबराशी जुळते. मिश्रणाचे तापमान साधारण १४० ते १५५ अंश सेल्सिअस राखावे लागते. कमी पडले तर पहिले बंधन अपुरे राहते. फार चढले तर गंधक वेळेआधीच रबराला धरते आणि घाणा बिघडतो. असा रासायनिक संबंध जोडणाऱ्या द्रव्याला ‘भराव’ म्हणणे मला अन्यायाचे वाटते. ‘प्रबलक’ म्हणावे. १९३१ साली ‘श्रीसयाजी शासन शब्दकल्पतरु’ सिद्ध करणाऱ्या नगरीला एका शब्दाची घडण जड जाऊ नये.

१९९२ मध्ये मिशेलिनने सिलिकायुक्त टायर बाजारात आणला. रस्त्यावर फिरताना तो कमी ऊर्जा खात असे. मात्र मोटारींच्या अशा टायरांच्या धावपट्टीत मुख्यत्वे कृत्रिम रबर असते. झाडाच्या चिकातून आलेल्या रबरात प्रथिने आणि फॉस्फोलिपिडे असतात. तीही सिलिकेच्या पृष्ठभागावर ठाण मांडून सिलेनची जागा अडवतात. म्हणून नैसर्गिक रबरावर चालणाऱ्या मालमोटारींच्या टायरांत काजळीचाच, म्हणजे कार्बन ब्लॅकचाच, वरचष्मा राहिला आहे.