वजन उतरविणाऱ्या गोळ्या : आशा आणि विवेक

(वार्षिक सभेत वैद्यकीय विभागाच्या वतीने केलेले भाषण)



“डॉक्टर, वजन कमी करायची एखादी गोळी द्या ना,” ही विनंती आमच्या बाह्यरुग्ण विभागात वारंवार कानी येते. विनंती करणारी माणसे आळशी नसतात. कोणाला गुडघेदुखीने जिना चढवत नाही, कोणाचा मधुमेह आटोक्यात येत नाही, तर कोणाच्या घरी मुलीच्या लग्नाची काळजी असते. म्हणून हा प्रश्न हसण्यावारी नेणे आम्हास योग्य वाटत नाही. आमचे उत्तर थोडक्यात असे : मोजकी औषधे निश्चित उपयोगी पडतात, परंतु त्यांचा लाभ बहुधा ती चालू असेपर्यंतच टिकतो आणि त्यांच्यावर जाणत्याची देखरेख लागते.

या गोळ्यांचा इतिहास सावध करणारा आहे. १९३३ च्या सुमारास अमेरिकेत डायनायट्रोफेनॉल नावाचे रसायन वजन घटविण्यासाठी दिले जाऊ लागले. अन्नातून मिळणारी ऊर्जा शरीराच्या कामी न येता उष्णतेच्या रूपाने वाया जावी, अशी त्याची क्रिया होती. वजन खरोखरच उतरत असे. पण कित्येकांना मोतीबिंदू झाला आणि काहींचे अनावर ज्वराने प्राण गेले. १९३८ मध्ये तेथे त्याचा औषध म्हणून वापर थांबला. पुढे भूक मारणारे फेनफ्लुरामीन हृदयाच्या झडपांना इजा करते असे आढळल्यामुळे १९९७ साली ते अमेरिकेच्या बाजारातून मागे घेण्यात आले. सिब्युट्रामीन आपल्याकडेही विकले जात होते. सुमारे दहा हजार हृदयविकारप्रवण रुग्णांच्या चाचणीत त्याने हृदयविकाराचा झटका व पक्षाघात यांचा धोका वाढल्याचे दिसले आणि २०११ मध्ये भारतात त्यावर बंदी आली. या तिन्ही औषधांनी वजन उतरत होते, हे ध्यानी घ्यावे. काटा खाली आला म्हणजे प्रकृती सुधारली, असे नव्हे.

आज वापरात असलेल्या औषधांपैकी ऑरलिस्टॅट ही गोळी आतड्यातील मेद पचविणाऱ्या विकराला अडविते, त्यामुळे आहारातील सुमारे ३० टक्के मेद न पचता बाहेर पडतो. वर्षभराच्या वापराने, औषधविरहित गोळी घेणाऱ्यांच्या तुलनेत, सरासरी सुमारे ३ किलो वजन अधिक उतरते. तेलकट जुलाब हा तिचा नेहमीचा उपद्रव होय. भात, साखर आणि मैदा यांवर मात्र तिची काहीच मात्रा चालत नाही.

नव्या औषधांनी खरी आशा निर्माण केली आहे, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. सेमाग्लुटाइडचे आठवड्यातून एकदा घ्यावयाचे इंजेक्शन भूक शमविते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मधुमेह नसलेल्या स्थूल व्यक्तींचे वजन ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के उतरले. केवळ आहारविहाराचा सल्ला व औषधविरहित इंजेक्शन मिळालेल्यांचे २.४ टक्के उतरले. परंतु औषध थांबविल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आले. मळमळ, उलट्या, पित्ताशयातील खडे आणि क्वचित स्वादुपिंडाचा दाह हेही संभवतात. भारतात २०२५ पासून स्थूलतेसाठी हे इंजेक्शन मिळू लागले. ते सुरू करण्यापूर्वी किती काळ घ्यावे लागेल आणि तेवढा खर्च घराला झेपेल का, याचा विचार कुटुंबाने एकत्र बसून करावा.

आम्हास सर्वांत अधिक चिंता वाटते ती “पूर्णपणे आयुर्वेदिक, दुष्परिणाम नाहीत” अशा डब्यांची. वनौषधी म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा कित्येक गोळ्यांत बंदी आलेले सिब्युट्रामीन लपविलेले असल्याचे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तपासणीत वेळोवेळी उघड केले आहे. आपल्याकडे १९५४ च्या जादूटोणायुक्त उपचार व आक्षेपार्ह जाहिराती यांविषयीच्या केंद्रीय कायद्याच्या परिशिष्टात स्थूलतेचाही समावेश आहे. म्हणजे ती बरी करण्याचा दावा करणारी जाहिरात हाच मुळात अपराध आहे. आयुर्वेदाविषयी आम्हास आदर आहे. आक्षेप आहे तो त्याच्या नावाआड लपणाऱ्या व्यापाराला.

आणखी एक गोष्ट आपल्या मातीतली. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. उंचीच्या मानाने वजन दर्शविणारा निर्देशांक दोघांचाही २२.३ होता. शरीरातील मेद मात्र याज्ञिकांचा २१.२ टक्के, तर युडकिन यांचा ९.१ टक्के! आपण दिसायला सडपातळ असलो तरी पोटाभोवती मेद साठवितो. म्हणून वजनकाट्यासोबत मोजपट्टीही हवी : पुरुषाचा कंबरेचा घेर ९० आणि स्त्रीचा ८० सेंटीमीटरच्या आत असावा. जेथे मुळात स्नायू थोडे आहेत, तेथे घाईने उतरविलेल्या वजनाबरोबर स्नायूही जातात; तेव्हा डाळी, कडधान्ये, दूध आणि अंगमेहनत यांना औषध हा पर्याय ठरत नाही.

रुग्णांच्या कुटुंबीयांना आमची विनंती आहे की, कोणतीही गोळी घरी आणण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. हिच्यात नेमके काय आहे? माझा रक्तदाब, साखर आणि थायरॉइड कोण तपासणार? आणि गोळी थांबविल्यावर पुढे काय? या तिहींची उत्तरे देणारा माणूस समोर नसेल, तर पैसे खिशातच ठेवावेत. गर्भवती व स्तनदा मातांनी तर अशा गोळ्यांपासून दूरच राहावे.

देणगीदारांनाही एक निवेदन. स्थूलतेच्या उपचारात डोळ्यांत भरणारे यंत्र नाही की नामफलक लावता येईल असे दालन नाही. तेथे लागतो तो वेळ : रुग्णाला दरमहा पुन्हा बोलावणारा, त्याच्या घरच्या ताटाची चौकशी करणारा, वजन न उतरल्यास त्याला न हिणवणारा माणूस. आपले दान अशा अदृश्य कामाकडे वळले, तर कित्येक घरांतील पैसा आणि प्रकृती दोन्ही वाचतील.