विज्ञान-विद्यार्थ्याचे परिचयपत्र

(तालुक्याच्या गावी एका महाविद्यालयात विज्ञान शाखेचे विद्यार्थी, शिक्षक व परिसरातील पंचायत सदस्य यांच्यापुढे दिलेले व्याख्यान.)



दीड-दोन पानांच्या कागदाविषयी व्याख्यान ते काय द्यावयाचे, असे आपणांपैकी काहींच्या मनात आले असेल. मलाही पूर्वी तसेच वाटे. परंतु रसायनशास्त्राचा शिक्षक या नात्याने निवड समितीवर बसण्याचे प्रसंग आले आणि माझे मत बदलले. ते कसे, हे सांगताना माझीच एक चूक सांगणे भाग आहे.

ग्रामीण भागातील पिण्याच्या पाण्याविषयीच्या एका प्रकल्पासाठी आम्हांला साहाय्यक निवडावयाचा होता. अर्ज पुष्कळ आले. त्यांतील एका विद्यार्थिनीचा अर्ज मी स्वतः बाजूला ठेवला. त्यात नाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख, धर्म, जात, गुणांचा तक्ता, आणि छंद म्हणून ‘वाचन व संगीत’ एवढेच होते. पुढे वर्षभराने एका शिबिरात तिची गाठ पडली, तेव्हा कळले की, तिने आपल्या गावातील ३२ विहिरींचे पाणी लागोपाठ दोन उन्हाळे तपासले होते. “मग हे अर्जात का लिहिले नाहीस?” असे विचारता ती म्हणाली, “सर, ते अभ्यासक्रमात नव्हते.” आम्ही ज्याची निवड केली होती त्याला, नमुन्याची बाटली आधी त्याच पाण्याने विसळून घ्यावी, येथपासून शिकवावे लागले होते!

मित्रहो, दोष तिचा थोडा आणि प्रचलित नमुन्याचा अधिक. झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळणारा बायोडाटा आपण भरतो. त्याची ठेवण स्थळे पाहताना फिरणाऱ्या कागदासारखी असते. उंची आणि वर्ण एवढेच काय ते गाळलेले. शासकीय अर्जात प्रवर्गाचा रकाना असतो, तो तेथे प्रमाणपत्रासह अवश्य भरावा. तो आपला हक्क आहे. पण प्रयोगशाळेच्या प्रमुखाला पाठवावयाच्या परिचयपत्रात धर्म, जात, वैवाहिक स्थिती यांचे प्रयोजन नाही. आधार क्रमांक तर मुळीच लिहू नये. त्या वाचकाला एकच गोष्ट हवी असते : या मुलाने वा मुलीने स्वतःच्या हाताने काय केले आहे?

आता त्या मुलीचेच उदाहरण घेऊ. ‘पाण्याच्या पृथक्करणाचे ज्ञान आहे’ असे वाक्य कोणीही लिहील. त्याऐवजी तिने असे लिहावयास हवे होते : ‘गावातील ३२ विहिरींच्या पाण्याची दुष्फेनता दोन उन्हाळे ईडीटीए अनुमापनाने मोजली. ९ विहिरींत ती लिटरला ६०० मिलिग्रॅमहून अधिक आढळली. नमुने घेणे व अनुमापन स्वतः केले; नायट्रेटची तपासणी जिल्ह्याच्या प्रयोगशाळेकडून करवून घेतली.’ भारतीय मानक १०५०० प्रमाणे दुष्फेनतेची स्वीकार्य मर्यादा २०० आणि दुसरा उद्भव नसल्यास ६०० मिलिग्रॅम आहे. हे जाणणारा वाचक त्या तीन वाक्यांवर थांबेल. त्यांत पद्धत आहे, संख्या आहे, निष्कर्ष आहे. माझ्या मते सर्वांत मोलाचे तिसरे वाक्य आहे, कारण स्वतः काय केले आणि काय केले नाही याची सीमारेषा त्यात प्रामाणिकपणे आखली आहे. चौघांनी मिळून केलेला प्रकल्प एकट्याच्या नावावर मांडू नये. वर्णपटमापक यंत्र दुरून पाहिले असेल तर ‘हाताळले’ असे लिहू नये. मुलाखतीतील दुसऱ्याच प्रश्नाला ते उघडे पडते.

उणिवांचे काय? एखादे वर्ष वाया गेले, गुण कमी पडले, तर ते जसेच्या तसे सनासह लिहावे. १६ जानेवारी १९१३ रोजी श्रीनिवास रामानुजन यांनी केंब्रिजच्या हार्डी यांना पत्र लिहिले. आपण मद्रास पोर्ट ट्रस्टच्या कचेरीत वर्षाला २० पौंडांवर कारकून आहोत आणि आपले विद्यापीठीय शिक्षण झालेले नाही, हे त्यांनी आरंभीच सांगून टाकले आणि पुढे पानेच्या पाने आपली सूत्रे जोडली. १९१४ मध्ये ते केंब्रिजला पोहोचले. (वय मात्र त्यांनी दोन वर्षे कमी लिहिले होते, तेवढ्याचे अनुकरण नको.)

एकच कागद सर्वत्र चालत नाही. दूधसंघाच्या गुणनियंत्रण प्रयोगशाळेला आपल्या अनुमापनातील अचूकता पाहावयाची असते. संशोधन संस्थेला आपली जिज्ञासा. देशातील तीन विज्ञान अकादमींची उन्हाळी संशोधन छात्रवृत्ती, होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा पदवी विद्यार्थ्यांसाठीचा उपक्रम, किंवा विद्यापीठांची ‘आविष्कार’ स्पर्धा यांची माहिती आपल्या सूचनाफलकावर लागते की नाही, हे प्राध्यापकांनी पाहावे.

शिक्षकांना आणखी एक विनंती आहे. ‘वर्तणूक चांगली, विद्यार्थी कष्टाळू’ अशी शिफारस मीही शेकड्यांनी दिली आहे आणि तिचा उपयोग जवळजवळ शून्य. विद्यार्थ्याने कोणता प्रयोग फसल्यावर पुन्हा केला, हे एका वाक्यात लिहिल्यास त्याचे वजन पडते. त्यासाठी अर्थातच आपण प्रयोगशाळेत उभे असावयास हवे.

पंचायतीच्या सदस्यांनाही येथे काम आहे. गावातील मुलांनी विहिरी तपासल्या, पर्जन्यमापकाची नोंद ठेवली, मातीचे नमुने गोळा केले, तर काम, कालावधी आणि नमुन्यांची संख्या नमूद केलेले पत्र ग्रामपंचायतीच्या शिक्क्यानिशी द्यावे. शाल व नारळ दिले तरी माझी हरकत नाही, पण ते अर्जाला जोडता येत नाहीत.

बरेच बोललो. आपण आणलेले कागद आता समोरच्या टेबलावर ठेवा. तक्ता आणि छंद खोडून, स्वतः केलेल्या एका कामाची तीन वाक्ये प्रत्येकाने येथेच लिहावयाची आहेत. मी ती पाचपर्यंत वाचीत बसणार आहे.