वडिलांच्या पत्रातली ती



३१ डिसेंबर १८१७ ला शिरूरच्या छावणीतून फौज निघाली आणि दुसऱ्या दिवशी कोरेगाव भीमाला लढाई झाली, हे शिरूर-दौंडच्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. तिथे थांबत नाही. माझं म्हणणं एकच आहे : आपल्या फौजी जोडप्यांचं प्रेम शोधायचं असेल, तर ते वडिलांना लिहिलेल्या पत्रांत शोधा.

(पहिल्या रांगेतून : ‘बायकोला लिहिलं असतं तरी वडिलांनीच फोडलं असतं!’ हशा.)

अगदी बरोबर, आणि म्हणूनच! पहिल्या महायुद्धात पलटणीतला कुणी लिहिता येणारा पत्र लिहून द्यायचा, सेन्सॉर ते वाचायचा, गावात मास्तर नाहीतर पोस्टमन ते मोठ्यानं वाचून दाखवायचा. ओसरीवर सासरा, दीर; ती दाराआड. अशा पत्रात तो काय लिहिणार? ‘तांबडी गाय व्याली का?’ गाईची धार ती काढते. ‘धाकटा चालायला लागला का?’ उत्तर तिच्यापाशीच आहे. फ्रान्समधून आलेल्या पत्रांचे सेन्सॉरनं केलेले इंग्रजी उतारे आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. दाराआड ती पत्रं कशी ऐकली गेली, ते मात्र कुणी टिपलं नाही.

आणि पत्रच येईना, तेव्हा? मेसोपोटेमियात कूत-अल-अमाराला सहावी पुणे डिव्हिजन वेढली गेली. तिच्यात १०३ आणि ११० या मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली आणि हजारो शिपाई तुर्कांच्या कैदेत गेले. घरी कुंकू लावायचं की पुसायचं, एवढंही ठरवता येत नव्हतं.

आता दौंड, म्हणजे पत्राच्या आधीचा निरोप. दौंडकरांना हे सांगायला नको, पण सांगितल्यावाचून राहवत नाही. शिरूरला आजही रेल्वे नाही. जवान दौंडला येऊन गाडी धरायचा. पुण्याहून जम्मूला जाणारी झेलम एक्स्प्रेस मनमाडच्या मार्गाला लागण्याआधी दौंडला थांबायची, इंजिन या टोकाचं काढून त्या टोकाला लावायचे. तेवढा वेळ तो डब्याच्या दारात. खाली आई, वडील, भाऊ आणि सगळ्यांच्या मागे ती. सगळ्यांचं बोलून संपायचं, तरी गाडी हलायची नाही. मग आई म्हणायची, ‘अगं, शिदोरी दे की त्याला.’ तेवढंच तिचं पुढे येणं. आता कॉर्ड लाइन झाली, इंजिन फिरवावं लागत नाही. पण त्या फलाटावर आपल्या तालुक्यांचा केवढा इतिहास उभा होता! पुढे पत्त्यावरही गाव नसायचं, नुसतं ५६ किंवा ९९ एपीओ, म्हणजे लष्करी पोस्ट ऑफिस. नवरा कुठल्या डोंगरात आहे, हे तिला पाकिटावरून कळायचं नाही.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. १९६२, १९६५, १९७१ राहूनच गेलं.

मध्यंतरात एक ताई म्हणाल्या, ‘तुम्ही बायकांच्या सोसण्याचा गौरव करता.’ नाही, ताई. गौरव नको, नोंद हवी. कर्नल संतोष महाडिक २०१५ मध्ये कुपवाड्यात हुतात्मा झाले आणि २०१७ मध्ये त्यांच्या पत्नी स्वातीताई महाडिक स्वतः लष्करी अधिकारी झाल्या. त्यांची नोंद झाली, कारण त्यांच्या अंगावर गणवेश आला. ज्यांच्या अंगावर लुगडंच राहिलं, त्यांची कुठे आहे?

म्हणून घरी जाऊन ट्रंका उघडा. पत्र संग्रहालयात जाईल तेव्हा जाईल. आधी ते आजीपुढे वाचा आणि तिला विचारा, ‘यातली तुझ्यासाठी लिहिलेली ओळ कोणती?’ ती दाखवेल, तिच्याखाली रेघ मारा आणि शेजारी तिचं नाव लिहा.