शहराचा जमाखर्च आणि गेडेस यांचे इंदूर
(शताब्दी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मजकूर)



ग्रंथालयाच्या शताब्दीत कथा-काव्याची चर्चा व्हावी हे स्वाभाविकच आहे, आणि या व्याख्यानमालेत ती भरपूर होईल. आजचा विषय त्या मानाने रुक्ष आहे. नळ, गटार, रस्ता आणि कर यांविषयी पुस्तकांच्या कपाटांसमोर बसून बोलायचे कशाला, अशी शंका कोणाच्या मनात आली तर ती अवाजवी म्हणता येणार नाही. परंतु इंदूर शहराविषयी जे सर्वांत विचारप्रवर्तक पुस्तक लिहिले गेले, तो नगररचनेचा एक अहवाल आहे. तो १९१८ साली होळकर दरबाराला सादर झाला. लेखक सर पॅट्रिक गेडेस. या दोन खंडांच्या ग्रंथाचे नाव घेणारे पुष्कळ भेटतात. तो उघडून पाहणारे विरळा.

गेडेस मूळचे जीवशास्त्रज्ञ. १८५४ साली स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या या गृहस्थांनी तरुणपणी वनस्पतींचा अभ्यास केला आणि पुढे तीच दृष्टी शहरांकडे वळवली. माती, पाणी आणि ऊन यांवाचून झाड समजत नाही. तद्वतच नद्या, धंदे आणि माणसे यांवाचून गाव समजत नाही, अशी त्यांची धारणा होती. एडिंबरोच्या जुन्या शहरातील एका मोडकळीस आलेल्या वस्तीत ते सपत्नीक राहावयास गेले आणि शेजाऱ्यांना हाताशी धरून तेथील घरे त्यांनी दुरुस्त केली. १९१४ साली ते हिंदुस्थानात आले. त्यांच्या प्रदर्शनाचे नकाशे व चित्रे घेऊन येणारे जहाज जर्मनांच्या ‘एम्डेन’ या युद्धनौकेने बुडवले. तेव्हा स्नेह्यांनी नवे साहित्य जमवून पाठवले आणि १९१५ मध्ये मद्रासला ते प्रदर्शन भरले. बडोदे शहराविषयीचा त्यांचा अहवाल १९१६ सालचा. पुढे १९१९ मध्ये ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले. गोविंद सदाशिव घुर्ये यांना उच्च शिक्षणासाठी विलायतेस पाठवण्यामागे त्यांची पारख होती, ही गोष्ट मराठी वाचकाने लक्षात ठेवण्याजोगी आहे.

तुकोजीराव होळकर तिसरे यांच्या निमंत्रणावरून ते इंदुरात आले, तेव्हा शहरात प्लेग आणि हिवताप यांनी ठाण मांडले होते. गिरण्यांमुळे वस्ती वाढत होती, जुन्या मोहल्ल्यांत दाटी होत होती. हातात नकाशा घेऊन गेडेस गल्लीबोळांतून हिंडू लागले. काही दिवसांनी त्यांना असे दिसले की, लोक त्यांच्याकडे बोट दाखवून आपापसांत काही कुजबुजतात. सोबतच्या माणसाला अर्थ विचारला तेव्हा कळले की, हाच तो प्लेग आणणारा म्हातारा साहेब, असे लोक म्हणत होते. यात हसण्यासारखे काही नाही. नकाशा घेऊन साहेब आला की मागोमाग घरे पाडणारे येतात, हा अनुभव त्या काळी गावोगाव आलेला होता. प्लेगच्या बंदोबस्तात सामानसुमान रस्त्यावर फेकले गेलेले लोकांनी पाहिले होते.

गेडेस यांनी यावर जो उपाय योजला तो कोणत्याही अभियांत्रिकी ग्रंथात सापडणार नाही. त्यांनी एका दिवसापुरता महाराजांचा अधिकार मागून घेतला आणि दिवाळीची मिरवणूक आपल्या हाती घेतली. मिरवणुकीचा मार्ग परंपरेने ठरलेला राहणार नाही. ज्या रस्त्यावर घरांची साफसफाई व दुरुस्ती सर्वांत अधिक झाली असेल त्या रस्त्याने ती जाईल, असे जाहीर झाले. कचरा फुकट उचलला जाईल, हेही सांगितले गेले. दिवाळीपूर्वी घर झाडून सारवण्याची चाल येथे होतीच. तिला शहराच्या कामाला जुंपले गेले, एवढेच. हजारो गाड्या कचरा त्या दिवसांत घरांतून, परसांतून, बोळांतून बाहेर पडला.

मिरवणुकीत हत्ती, घोडेस्वार होते, पिकांचे आणि कापसाचे रथ होते. त्यामागून विद्रूप राक्षस, पडक्या घरांच्या प्रतिकृती, मोठे मोठे डास आणि शेवटी प्लेगचा महाकाय उंदीर आला. त्यानंतर काही अंतर मोकळे सोडले होते, आणि मग आले शहराचे सफाई कामगार. नवी पांढरी वस्त्रे, नवे झाडू, रंगवलेल्या गाड्या, सजवलेले बैल. त्यांच्या डोक्यावरची पागोटी नगराध्यक्षांच्या व अधिकाऱ्यांच्या पागोट्यांच्या रंगाचीच होती. १९१७-१८च्या काळात, ज्या समाजात या माणसांची सावलीही टाळली जात होती त्या समाजात, हा रंगांचा सारखेपणा किती जणांना रुचला असेल हे सांगणे कठीण आहे. पण तो सर्वांनी पाहिला, हे खरे. पुढे शहरात व्हावयाच्या इमारतींच्या प्रतिकृती होत्या आणि त्यांत ग्रंथालयही होते. शेवटी बागांचे रथ आले व घरोघरी लावण्यासाठी तुळशीची रोपे वाटण्यात आली. रात्री उंदीर आणि राक्षस यांचे दहन झाले. प्लेग ओसरला. त्यात ऋतुमान पालटण्याचाही वाटा होता, ही कबुली खुद्द गेडेस यांनीच दिली आहे.

या प्रसंगाचे वर्णन पुष्कळदा गमतीने केले जाते आणि त्यातील हिशेबाची बाजू राहून जाते. सफाईचा मोठा भाग घरमालकांनी आपल्या श्रमांनी केला. दरबाराच्या तिजोरीवर पडला तो मुख्यतः गाड्यांचा आणि मिरवणुकीचा भार. गेडेस यांच्या अहवालाचा कणाही हाच आहे. दाट वस्तीतून रुंद सरळ रस्ता काढून शेकडो घरे भुईसपाट करण्याऐवजी अगदी पडकी अशी मोजकी घरे काढावीत, त्या जागी लहान चौक मोकळा करावा, एखादे झाड लावावे, विहीर दुरुस्त करावी, बोळ जोडून घ्यावेत, असे ते सुचवतात. या पद्धतीला त्यांनी जे इंग्रजी नाव दिले त्याचा आशय मराठीत ‘राखून केलेली शस्त्रक्रिया’ असा सांगता येईल. खान आणि सरस्वती या नद्यांच्या काठी बागा असाव्यात, असा त्यांचा आग्रह होता. भुयारी गटारांची मोठी खर्चिक योजना त्या वेळी विचाराधीन होती. तिला त्यांनी कसून विरोध केला. मैलापाणी नदीत सोडण्याऐवजी बागांच्या खताकडे वळवावे, असे त्यांचे मत.

येथे गेडेस यांची पूजा बांधण्याचे कारण नाही. काही हजार घरांच्या नगरीला जे साधले असते ते २०११च्या जनगणनेत सुमारे २० लाख भरलेल्या शहराला साधणे शक्य नाही. भुयारी गटारांवाचून आजचे इंदूर एक दिवसही चालणार नाही. परंतु खर्चाच्या प्रत्येक मोठ्या योजनेपुढे त्यांनी जो प्रश्न ठेवला, तो जुना झालेला नाही. याच पैशात, आहे तेच नीट केले तर किती घरांना सुख लागेल, असा तो प्रश्न आहे.

इंदुराच्या पाण्याचेच पाहावे. गंभीर नदीवरील यशवंतसागर १९३९चा. शहर वाढले आणि तो अपुरा पडू लागला. १९७८ साली जलूद येथून नर्मदेचे पाणी आले. हे अंतर सुमारे ७० किलोमीटर, आणि पाणी विंध्याचा चढ चढवून आणावे लागते. त्यामुळे इंदूरकराच्या हंड्यातील प्रत्येक थेंबामागे विजेचे बिल आहे. नगर निगमाच्या जमाखर्चात हा आकडा दरवर्षी वाकुल्या दाखवतो. त्यावर उतारा म्हणून २०२३च्या फेब्रुवारीत निगमाने २४४ कोटी रुपयांचे हरित रोखे काढले. सव्वाआठ टक्के व्याज, आणि पैसा ६० मेगावॉटच्या सौर विद्युत प्रकल्पासाठी. हे रोखे सामान्य माणसालाही विकत घेता आले. नागरिक करदाता होता, तो निगमाचा सावकारही झाला. आणि सावकाराने खातेवही पाहावयास मागणे हा व्यवहारच आहे.

दुसरे उदाहरण जलदगती बसमार्गाचे. निरंजनपूरपासून राजीव गांधी चौकापर्यंत साडेअकरा किलोमीटरचा हा राखीव मार्ग २०१३ साली सुरू झाला आणि २०२५च्या फेब्रुवारीत उच्च न्यायालयाच्या अनुमतीनंतर तो उखडण्यास प्रारंभ झाला. मोटारवाल्यांनी सुस्कारा सोडला. बसने कामावर जाणाऱ्या मुलींचे, दुकानांतल्या नोकरमाणसांचे काय, याचा विचार त्या मानाने थोडा झाला. मार्ग योग्य होता की अयोग्य, याविषयी दोन मते संभवतात. परंतु बारा वर्षांच्या आत जी गोष्ट उभारायची आणि मोडायची, तिचा खर्च दोनदा लागतो, याविषयी दोन मते संभवत नाहीत. राजवाड्याच्या आसपास स्मार्ट सिटी योजनेत रस्ते रुंद होताना जुन्या घरांचे दर्शनी भाग गेले. तेथेही गेडेस यांचा तो प्रश्न कोणी मोठ्याने विचारला असता तर बरे झाले असते.

स्वच्छतेच्या बाबतीत मात्र या शहराने जे करून दाखवले त्याला तोड नाही. २०१७पासून राष्ट्रीय सर्वेक्षणात सतत अग्रस्थान, ओला व सुका कचरा घरातच वेगळा करण्याची शिस्त, देवगुराडिया येथे रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून वायू करणारा २०२२ सालचा कारखाना. हे सारे गेडेस पाहते तर हरखून गेले असते. सकाळी घंटागाडी आली की हातातले काम टाकून डबे घेऊन दारात येणाऱ्या गृहिणी हेच या यशाचे खरे भांडवल आहे.

आणि याच शहरात २०२५च्या डिसेंबरअखेरीस भागीरथपुरा वस्तीत पिण्याच्या नळात सांडपाणी मिसळले. शेकडो माणसे आजारी पडली, काहींचे प्राण गेले. रस्ता आरशासारखा, आणि त्याखालची जलवाहिनी विषारी. ज्या घरांतून कोणी उठून गेले, त्या घरांसमोर पारितोषिकांची यादी वाचण्यात अर्थ नाही. जो कचरा दिसतो तो उचलण्याची चाड शहराला आली. जे जमिनीखाली आहे त्याची आली नाही. यात माणसांचा दोष आहेच. पण अंदाजपत्रकाची घडणही तशीच आहे. नव्या कामाला कोनशिला असते, तिच्यावर नावे असतात, फीत कापता येते. झिजलेला नळ बदलल्याचे उद्‌घाटन कोणी करीत नाही. जुन्या मराठी घरांत पावसाळ्यापूर्वी कौले चाळण्याचा खर्च लग्नाच्या खर्चाआधी बाजूला काढीत, कारण छप्पर गळू लागले तर लग्नघरच उरत नसे, हे घरच्या बाईला ठाऊक असे. शहराच्या जमाखर्चात ती बाई नाही.

१९९२च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नगरसंस्थांना अधिकारांची लांबलचक यादी दिली. पैशाच्या वाटा मात्र अरुंदच राहिल्या. मध्य प्रदेशात १९७६ साली जकात उठली, तेव्हापासून तिच्या भरपाईसाठी राज्याच्या तोंडाकडे पाहावे लागते. केंद्राचे अनुदान बहुधा ठरावीक योजनेसाठी येते, आणि योजना म्हणजे पुन्हा नवे बांधकाम. डागडुजीला उरतो तो मालमत्ता कर व पाणीपट्टी. ही पट्टी वाढवण्याचे नाव काढले की सर्व पक्षांचे पार्षद एका सुरात बोलू लागतात. त्यांना बोल लावताना करदात्याने स्वतःचाही आवाज त्या सुरात मिसळलेला ऐकावा.

ग्रंथालयाचा संबंध येतो तो येथे. येथील वाचनकक्षात सकाळी वर्तमानपत्रे चाळणाऱ्या सभासदांत निवृत्त हिशेबनीस आहेत, अभियंते आहेत, शिक्षक आहेत; आयुष्यभर इतरांचे ताळेबंद तपासलेली ही माणसे. त्यांच्या टेबलावर दरवर्षी निगमाचे अंदाजपत्रक आणि शेजारी गेडेस यांच्या अहवालाचे दोन खंड असावेत, एवढीच सूचना शताब्दीच्या निमित्ताने करण्यासारखी आहे. दुसऱ्या खंडात इंदुराला विद्यापीठ हवे, असे सविस्तर मांडलेले आढळेल. ते १९६४ साली झाले, म्हणजे कागदावरची सूचना फळाला येण्यास ४६ वर्षे लागली.

अंदाजपत्रक वाचण्यास विशेष विद्या लागत नाही. त्यात प्रत्येक कामापुढे बहुधा तीन रकाने असतात : गेल्या वर्षी प्रत्यक्ष झालेला खर्च, चालू वर्षाचा सुधारित अंदाज, आणि येत्या वर्षाची तरतूद. भाषणात तिसरा रकाना वाचला जातो, वर्तमानपत्रात तोच छापून येतो. सभासदांनी पहिला पाहावा. जलवाहिन्या बदलण्यासाठी आधी किती तरतूद केली होती आणि त्यांपैकी खरोखर किती रुपये खर्ची पडले, हे दोन आकडे दोन वर्षांच्या पुस्तकांतून काढून एका कागदावर शेजारी शेजारी लिहावेत, आणि तो कागद घेऊन आपल्या वॉर्डाच्या पार्षदाकडे जावे.