आंतड्याचा जोड

मागावरचा धागा तुटला कीं सोलापूरचा विणकर गांठ मारतो आणि माग पुन्हां चालूं लागतो. आंतड्याचें तसें नाहीं. बिघडलेला भाग कापून शस्त्रवैद्य दोन टोकें जोडतो खरा; पण टांका तीं टोकें केवळ धरून ठेवतो, सांधतें तें शरीरच.

सोलापुरांत १९१० सालीं जन्मलेले शस्त्रवैद्य डॉ. द्वारकानाथ कोटणीस जखमी सैनिकांची सेवा करीत असतां १९४२ सालीं चीनमध्यें निवर्तले. त्या काळीं हा जोड बहुधा सुई-दोऱ्यानेंच होई. जठरास धातूचे टांके घालणारें यंत्र बुडापेस्टच्या ह्युल्टल यांनीं १९०८ सालींच वापरलें होतें. परंतु तें फार अवजड होतें. आजच्या सुटसुटीत स्टेपलरमधील बारीक तार इंग्रजी ‘बी’ अक्षरासारखी वळते व त्या वळणांतून रक्ताला वाट राहते.

यंत्रानें वेळ वाचतो, टांके सारखे पडतात. गळतीचें भय मात्र सर्वस्वीं टळत नाहीं. टोकांस रक्त कमी पोंचणें, जोडावर ताण पडणें, रोग्याचें कुपोषण, धूम्रपान, हीं तिचीं कारणें होत. गुदाशयाजवळचा खालचा जोड विशेष जोखमीचा.

गळती बहुधा पहिल्या आठवड्यांत, क्वचित् रोगी घरीं परतल्यावरही, प्रकट होते. ताप, जलद नाडी, फुगलेलें पोट, वाढती वेदना दिसल्यास घरच्यांनीं ‘वायू धरला’ म्हणून ओवा देत बसूं नये. रोग्यास तत्काळ इस्पितळांत न्यावें.