सतराव्या वर्षाची पारख



ग्वाल्हेरात हॉकीचा विषय काढला की कॅप्टन रूपसिंगांचे नाव प्रथम ओठांवर येते. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये भारताने अमेरिकेवर २४–१ असा विजय मिळविला, त्यांतील दहा गोल त्यांचे. त्यांच्या नावाचे मैदानही मूळचे हॉकीचे; क्रिकेट तेथे मागाहून आले. आज मात्र मी बर्फावरच्या हॉकीविषयी, आणि त्यातही खेळापेक्षा खेळाडूंच्या निवडीविषयी बोलणार आहे. शाळेच्या व्यासपीठावर हा विषय का, हे ओघात कळेल.

उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीगमध्ये आज बत्तीस संघ आहेत. दरवर्षी उन्हाळ्यात ते नव्या दमाच्या मुलांची पाळीपाळीने निवड करतात. तिला 'ड्राफ्ट' म्हणतात. १९६३ साली माँट्रियल येथे ही प्रथा सुरू झाली. दुबळ्या संघाला आधी निवडू द्यावे, हे तिचे तत्त्व. मुद्दाम हरण्याचा मोह कोणाला होऊ नये म्हणून १९९५ पासून वरच्या क्रमांकांसाठी सोडतही काढतात. त्या वर्षीच्या १५ सप्टेंबरपर्यंत वयाची अठरा वर्षे पुरी होणारा मुलगा निवडीस पात्र ठरतो. म्हणजे निवडीच्या दिवशी पुष्कळजण सतराच वर्षांचे असतात!

या मुलांना पारखणारी माणसे हिवाळाभर कॅनडातील लहानसहान गावांतून, स्वीडन-फिनलंडमधून हिंडत असतात. वेग, उंची, गोलांची संख्या या गोष्टी कोणालाही दिसतात. परंतु गोलांचा आकडा फसवा असतो. सोबती उत्तम असले, प्रतिस्पर्ध्याचा एक गडी शिक्षेमुळे बाहेर असताना वारंवार खेळावयास मिळाले, की तो सहज फुगतो. म्हणून जाणता पारखी रबरी चकती ज्याच्याजवळ नाही त्या मुलाकडे पाहतो. चकती येण्यापूर्वी तो खांद्यावरून मागे नजर टाकतो काय? चूक झाल्यावर परत धावतो, की हातवारे करीत उभा राहतो? संघ चार गोलांनी मागे असताना त्याचे पाय कसे चालतात? पुढे निवडीच्या तोंडावर सायकलीवर दमश्वासाच्या चाचण्या होतात, मुलाखती होतात. त्यांचा उपयोग आहे. पण माझ्या मते तो दुय्यम.

इतकी दक्षता घेऊनही अंदाज चुकतात. १९९३ साली ऑटावा संघाने अलेक्झांडर देग याला पहिला निवडला आणि पाच वर्षांसाठी सव्वा कोट डॉलरच्या आसपासचा करार दिला. त्याची कारकीर्द साधारणच ठरली. त्याच्या मागोमाग दुसरा निवडला गेलेला ख्रिस प्राँगर पुढे २००० साली लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. उलट डेट्रॉइट संघाने पावेल दात्स्युक याला १९९८ साली १७१ व्या, तर हेन्रिक झेटरबर्ग याला १९९९ साली २१० व्या क्रमांकावर घेतले. त्या संघाचे स्वीडिश पारखी हाकन अँडरसन दोन्ही वेळा दुसऱ्याच मुलाला पाहावयास गेले होते. नजर भलतीकडे गेली आणि तेथेच थांबली. २००८ साली डेट्रॉइटने स्टॅनले चषक जिंकला, तो याच दोघांच्या बळावर.

आता शाळेशी संबंध येतो तो मुद्दा. कॅनडात बालवयाचे गट १ जानेवारीच्या हिशेबाने पाडतात. जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला मुलगा एकाच गटात येतात. दहाव्या वर्षी हे अकरा महिन्यांचे अंतर फार मोठे असते. थोरला अंगाने भरलेला, म्हणून त्याची निवड होते. निवड होते म्हणून त्याला चांगला शिक्षक आणि अधिक सराव मिळतो. १९८५ च्या सुमारास रॉजर बार्नस्ले या कॅनेडियन मानसशास्त्रज्ञाने हे दाखवून दिले. २०१३ साली डीनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढचे पाऊल टाकले. १९८० ते २००७ या काळात निवडल्या गेलेल्या कॅनेडियन खेळाडूंचा त्यांनी हिशेब मांडला. त्यात आढळले की सारख्याच क्रमांकावर निवडलेल्यांपैकी वर्षाच्या उत्तरार्धात जन्मलेले खेळाडू चारशे सामन्यांसारखा टप्पा गाठण्याची शक्यता जवळजवळ दुप्पट होती. पारखी माणसांनी त्यांची किंमत कमी लावली होती.

आपल्या वर्गातही हेच अंतर बसलेले असते. पाचवीतल्या संघात, वक्तृत्वात, शिष्यवृत्तीच्या तुकडीत 'हुशार' म्हणून निवडलेल्यांच्या जन्मतारखा एकदा हजेरीपटातून काढून पाहाव्यात, अशी येथील शिक्षकांना माझी विनंती आहे. काम एका दुपारचे आहे. निवडयादीत नावासमोर जन्मतारीख लिहावी, आणि यंदा वगळलेल्या मुलाला पुढल्या वर्षी पुन्हा मैदानावर बोलवावे. मार्टिन सेंट लुई हा अवघा पाच फूट आठ इंचांचा. त्याला ड्राफ्टमध्ये कोणीच निवडले नाही. २००४ साली सर्वाधिक गुण त्याचे होते, सर्वोत्तम खेळाडूचा मानही त्याचा आणि चषकही त्याच्याच संघाचा. त्याला दुसऱ्यांदा पाहणारे कोणी भेटले होते. आपल्या वगळलेल्या मुलांची यादी मात्र कोणत्याही शाळेच्या दप्तरी नसते.